ताशी वीस

वडकीच्या अलीकडे पिवळा दिवा लागला,
मग त्याच्या शेजारी दुसरा, नळकांड्यातून ढग निघाल्याचं चित्र,
आणि गाडीनं मान टाकली.
पाय तळाशी दाबला तरी वीस. वीसच्या वर एक नाही.
मागे दहा टन संत्री, मृग बहार,
काल संध्याकाळी वरुडला भरलेली, हैदराबादची.

इंजिन ठणठणीत. तेल आहे, पाणी आहे, हवा आहे.
दुखणं शेपटीत.
धूर धुणारं यंत्र मागे बसवलंय,
त्याचं म्हणणं, माझ्यानं धूर धुतला जात नाही,
तेव्हा मालकानं हळू चालावं.
इतकं खरं बोलणारा माणूस मी कामाला ठेवला नसता.

इस्राईल मिस्त्रीचं शेड चिंचेखाली.
माझ्या बापाची जुनी गाडी तो खाटेवरूनच तपासायचा,
डोळे मिटून सांगायचा, तिसरा नोझल गेला.
आज त्यानं कान लावला. मग हात पुसले.
"हिचं दुखनं आवाजात नाई बावा. हिले लॅपटॉप पायजे."
तरी पोतं अंथरून खाली सरकला,
काहीतरी खोलून बाहेर आला, तळहात पुढे केला.
पांढरं. मिठासारखं, दगड झालेलं.
"बालटी कोनती टाकली?"
मी गप्प.
"सीलची का सुटी?"
सुटी. हिंगणघाटच्या पंक्चरवाल्याकडची,
तीनशे रुपये वाचले होते.
"कोनं तरी वावरातलं खत कालवलं हाये, बोरिंगच्या पान्यात."

श्रावणात माझा भाऊ युरियाच्या दोन थैल्यांसाठी
राळेगावला दोन दिवस रांगेत उभा होता, आधार कार्ड घेऊन.
पऱ्हाटी पिवळी पडत होती.
आणि ही बया
शंभर किलोमीटरला लिटरभर तेच पिते,
वर पाणी जड लागलं म्हणून रुसते.

बुटीबोरीच्या सर्व्हिसवाल्याचा आवाज गोड.
सेन्सर अडतीस हजार. इंजेक्टर बावीस.
टाकी धुणं वेगळं, मजुरी वेगळी,
वॉरंटीत बसत नाही सर,
चूक तुमच्याकडून झालीय ना सर.
आयुष्यात मला इतक्यांदा सर कोणी म्हटलं नव्हतं.

मिस्त्रीच्या हाताखालचा अफरोज मला शेडमागे घेऊन गेला.
"भाऊ, पांढरकवड्यात एक जन डबी बसवून देते. नऊ हजार.
गाडीले वाटते सारं बराबर हाये. दिवा बंद, बालटी बंद."
नऊ हजार.
मी मनात नोटा मोजूनही टाकल्या.

परत आलो तर मिस्त्री खोकत होता,
चिंचेच्या बुंध्याला धरून, वाकून, बराच वेळ.
थुंकला, पायानं वर माती सारली.
बापाची गाडी सुरू व्हायची तेव्हा
हा सायलेन्सरपाशीच उकिडवा बसलेला असायचा
आणि काळा ढग त्याच्या डोक्यावरून शाळेकडे जायचा.
आम्ही पोरं त्या ढगात पळायचो. वास आवडायचा.
डबीचं त्याला विचारायचं होतं. विचारलं नाही.
विचारलं असतं तर त्यानं स्वतःच बसवूनही दिली असती, कोण जाणे.

व्यापाऱ्यानं शिव्या घालून दुसरी गाडी पाठवली.
क्रेट इकडून तिकडे गेले, भाडंही.
मी रिकामा उलटा निघालो, बुटीबोरीकडे, ताशी वीस.
मागून येणारा प्रत्येक जण हॉर्न देऊन माझी आई काढत होता.
पळस फुलला होता. एकेक झाड मोजता येत होतं,
मोजलेही, चाळीसपर्यंत, मग कंटाळा आला.
सायकलवरची एक पोरगी बरोबरीला आली,
दप्तर पुढच्या टोपलीत, वर पाहत म्हणाली,
"काका, गाडीची तब्येत बरी नाई का?"
आणि पुढे निघून गेली.

मागे फळीवर चेंगरलेल्या संत्र्यांचा वास.
खिशात बिडीच्या पाकिटावर लिहिलेला
पांढरकवड्याचा नंबर.
फेकला नाही अजून.