फक्कीच्या दोन गाड्या

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत पीटी शिकवत.
खो-खोचं मैदान आखून उरलेली फक्की
निवृत्तीच्या दिवशी त्यांनी गोणीसकट घरी आणली,
मुख्याध्यापकांना विचारून.

यवतमाळच्या शोरूममधून दोन कागद आणले होते.
मोठी : लांबी चार मीटर नव्वद.
मधली : चार मीटर पंचेचाळीस.
तिथला पोरगा म्हणाला, सर, लेगरूम बघा ना.
बाबा म्हणाले, घरी जाऊन पाहतो.

आणि खरंच पाहिलं.
टेप धरायला मी, सुतळी ओढायला प्रफुल्ल,
कडुलिंबापासून न्हाणीपर्यंत मोठी,
तिच्या बाजूला मधली.
दारं उघडी दाखवली. डिकीसुद्धा.
एक कोंबडी बॉनेटमधून आत शिरली
अन् स्टिअरिंगपाशी थांबली.

"बसा आता."
आई पुढं, डोक्यावरचा पदर घट्ट धरून,
जसा वारा लागून राहिला.
मागं प्रफुल्ल, मी आणि वच्छलाआत्या,
जी बावीस वर्षं, कुठं जायचं म्हटलं की,
"मी राह्यतो घरी, म्हशीचं कोन पाहीन?" म्हणते.
म्हैस विकून सहा वर्षं झाली.

मधल्या गाडीत तिचा गुडघा माझ्या मांडीवर आला.
ती लगेच उठली,
रेघ न मोडता, दारातूनच उतरली.

मोठीत मात्र बसून राहिली.
पाय लांब केले.
"इकडून खिडकी हाय काय रे दादा?"
बाबांनी चिमूटभर फक्की घेतली
अन् तिच्या बाजूला खिडकी काढली.
बऱ्याच वेळानं तिनं विचारलं,
"लाडखेड आलं काय वो?"
आई मागं न बघता म्हणाली, "आलं."

मग गल्लीचा प्रश्न निघाला.
कुबड्यांच्या ओट्यापाशी सुतळी धरली :
मोठी वळत नाही.
कुबडेकाका ओटा फोडायला तयार होते,
काकू नव्हत्या.
पंचायतीजवळ लावत जा, कोणीतरी सुचवलं.
"लोकायच्या दारात ठेवाची त घेताच काऊन?" आई म्हणाली.
त्या रात्री बाबा खाटेवर उशिरापर्यंत बसून होते.
चांदण्यात दोन्ही गाड्या
दिवसापेक्षा जास्त पांढऱ्या होत्या.

सकाळी आत्यानं अंगण झाडलं.
मधलीवरून खराटा सरळ गेला.
मोठीच्या कडेकडेनं,
निजलेल्या माणसाभोवती झाडतात तसा.

आली ती मधलीच. राखाडी.
नारळ झाला, चाकाखाली लिंबं झाली,
काकूंनी ओट्यावर उभं राहून वळण पाहिलं.
बाबांनी मागं-पुढं, मागं-पुढं करत
ती नेमकी मोठीच्या रेघांत उभी केली.

मागं हातभर जागा उरली.
तिथं आत्या पाट टाकून तूर निवडते.
यवतमाळला निघालो की
मी आधी आत शिरून मध्ये बसते,
त्या उंचवट्यावर पाय दुमडून.
लाडखेड आलं,
हे सांगायचं काम आता तिचं.