पेव

मार्केट यार्डात, बाळगोंडांच्या पेढीच्या वरच्या खोलीत
मी कागद करते.
दोनशे ऐंशी कट्टे राजापुरी हळद, वजन, ओलावा,
उगमाचा दाखला, कीड नसल्याचा दाखला,
धुरी दिल्याचा दाखला.
खाली सौदा चालतो. रुमालाआड दोन हात,
बोटांनी बोटांना सांगितलेला भाव
तिसऱ्याच्या कानी जात नाही.
मला मात्र तो चार प्रतींत, शिक्क्यानिशी लिहावा लागतो.

न्हावा शेवाला जहाज. बंदर अब्बासला उतरून रेल्वे, ट्रक.
मग अंझली
(मला आधी वाटलं कुणा बाईचं नाव चुकून पडलंय रकान्यात),
तिथून पुन्हा जहाज, आस्त्राखान, व्होल्गाकाठची वाट.
वाहनं बदलतात. सील तेच राहतं.

अंझलीला डबा अकरा दिवस अडकला.
कास्पियनचं पाणी उतरलंय म्हणे,
भरलं जहाज धक्क्याला लागेना.
"फुटांत सांगा, किती उतरलंय?" बाळगोंडा फोनवर ओरडले.
आयर्विन पुलाशी फूट मोजत जागलेलं आमचं गाव.
पाणी चढलं की आधी काय हलवायचं, पोरांनाही पाठ.
समुद्रच मागे सरला, तर काय हलवतात?

आप्पा हरिपुरात पेवं उघडायचे.
तोंड माणसापुरतं, पोट अख्ख्या वाड्याएवढं,
आत वर्षानुवर्षं निजलेली हळद.
माती बाजूला सारून ते दोरीनं कंदील सोडत.
विझला, की काठावर बसून राहत,
विडीसुद्धा न पेटवता.
मालक घाई करी. आप्पा म्हणत,
आतल्या हवेला आधी बाहेर येऊ दे,
मग आपण जाऊ.
मग तो पूर आला. पेवं चिखलानं भरली,
आणि आप्पांना कुणी बोलावलं नाही.

डब्याच्या दारावर लाल कागद मीच चिकटवायला लावते.
कवटी, दोन हाडं, खाली इंग्रजीत तीन ओळी,
वर रशियन, जिचं एक अक्षर मला येत नाही.

आज फोटो आला, समाराच्या गोदामातून.
सील तुटलेलं, दार सताड उघडं,
कानटोपी घातलेला एक म्हातारा बाजूला उभा,
हात खिशात.
"हा काम का करीना?" बाळगोंडा विचारतात.
मी पुढचा कागद ओढते.

राहू दे की जरा उभा.