सरासरी रीडिंग

बेचाळीस टक्के, असं कोपऱ्यात लिहिलं होतं
आणि पुढच्या ओळीला लॅपटॉप गेला.
सोसायटीच्या सिंकिंग फंडाची बेरीज
अर्धी तोंडात ठेवून.
बेचाळीस!
एकतीस वर्षं मी या शहराचे मीटर वाचले,
परळ, शिवडी, काळाचौकी,
जिन्याखालचे, मोरीच्या वरचे,
काचेवर फुंकर मारून, गुडघ्यावर वही ठेवून,
आणि मलाच खोटं रीडिंग?

मशीन लेकीचं जुनं.
ऋजुताने नवं घेतलं तेव्हा माझ्याकडे आलं,
पूर्वी थोरल्याची चड्डी धाकट्याला यायची तसं.
बंद करून चालू केलं. बॅटरी काढून
टोकं खोडरबराने घासली.
मग ते एकदा एकोणऐंशीवर जाऊन बसलं, उठेचना.
एकदा सातावर पाऊण तास चाललं.
वेडा मीटर मी पाहिलाय,
पण त्याला निदान लोहचुंबक लावलेलं असायचं.

लॅमिंग्टन रोडला, दुसऱ्या मजल्यावर
नाझनीन मुकादमचा गाळा, हर्णैकडची पोर,
स्क्रू दातात धरून बोलते.
लोड लावून तपासलं तिने.
"घाडीकाका, हा मुळात अठ्ठेचाळीसचा हंडा.
आता उरलाय एकोणीसचा तांब्या.
पण आतल्या चिपला कुणी कळवलंच नाही,
ती अजून हंड्याच्या हिशोबाने टक्के सांगते.
कायम प्लग लावून ठेवता ना?
मग तळ बघितलाच नाही तिने कधी.
अंदाजाने बोलते बिचारी."

अंदाजाने.
म्हणजे सरासरी. हे मला कळतं.
दार बंद असलं की आम्हीही तेच करायचो,
मागच्या बिलांवरून एक आकडा,
आणि रिमार्कात : दार बंद.
शिवडीला खोली नंबर सत्तावीस, आठ महिने दार बंद.
नवव्याला उघडलं. कोळंबेकरबाई.
मीटरची चकती जेमतेम सरकत होती,
एका दिव्यापुरती.
मिस्टर मार्चातच वारले होते,
ही दिवसभर वडाळ्याला पोळ्या लाटायला.
आठ महिने बिल दोघांचं जात होतं
आणि ती भरत होती.
म्हटलं, अर्ज करा, जास्तीचे वळते होतील.
ती माझ्या वहीकडे बघत राहिली.
"म्हणजे तुमच्याकडे ते अजून होते तर."

नाझनीनने पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं :
शंभर होईस्तोवर भरा, वर दोन तास तसाच ठेवा.
पिन काढा. झोपू देऊ नका.
आपला आपण बंद पडू दे.
पाच तास हात लावायचा नाही,
मग एका दमात पुन्हा शंभर.
"नवी बॅटरी बावीसशेला. पण आधी हे करा.
खरं किती आहे ते तरी कळेल."

शनिवारी रात्री ओट्यावर ठेवला, शेजारी वही.
दहा वाजता शंभर.
दहा वीसला एक्याण्णव.
पावणेअकराला साठ,
आणि साठावरून एकदम अठ्ठावीस,
अंधारात पायरी चुकावी तसा.
ही पाणी प्यायला उठली, म्हणाली, काय जागताय?
म्हटलं, रीडिंग घेतोय.
रिटायर झालात, म्हणाली, आणि दिवा न लावता परत गेली.
अकरा दहाला सहा. मग काळा.
काळ्या काचेत माझा चष्मा, मागे कुकर.

आता शंभर म्हणजे एक तास दहा मिनिटं.
कमी आहे.
पण चाळीस म्हणतो तेव्हा चाळीस असतात,
आणि दहाला पिन शोधायला वेळ मिळतो.
झाकणावर आतून एक कार्ड चिकटवलंय,
तारीख, वेळ, रीडिंग, सही.
रिमार्कचा रकाना हाताच्या सवयीने आखला गेला.
तो कोरा ठेवलाय.

सिंकिंग फंड अजून जुळत नाही.
दीडशे रुपये कुठेतरी कमी पडतायत.