वस्तीची गाडी

न्यूकॅसलहून निघताना बाबांना पुढची सीट दिली.
पट्टा लावून ते बसले
आणि पहिल्याच वळणावर त्यांचा उजवा पाय
नसलेला ब्रेक दाबायला लागला.

चौतीस वर्षं देवगड डेपो.
इथेही स्टिअरिंग त्याच बाजूला,
गाड्या त्याच बाजूने;
फक्त लायसन नाही, आणि समुद्र पूर्वेला.
"दर्या उलटो रे ह्यो. सूर्य हयसून वर येता?"
मी म्हटलं, हो.
त्यांना ते पटलं नाही.

भाड्याची नऊ सीटर.
वृंदा, मिहिका, मी.
वसईचा ओनील, ग्लॅडिस, त्यांची जुळी.
आणि शेजारचा कीथ, मागच्या खिडकीशी,
जहाजांच्या गोदीत आयुष्य काढलेला,
बायको गेल्यापासून कुणी बोलावलं की येणारा.
बाबांनी मोजले: नऊ. फुल्ल.
"टायमटेबल बघितलंस मां नीट?"
ओनीलने खिशातला कागद थोपटला.

क्रास्टरला धुरावलेले हेरिंग घेतले.
बाबांनी वास घेतला, बांगड्याशी तुलना केली,
निकाल राखून ठेवला.
सीहाउसेसला कीथ आणि ते बाकावर बसून
गिअरबॉक्सबद्दल बोलले,
एकाला इंग्रजी कळेना, दुसऱ्याला ऐकू येईना,
चार हात हवेत क्लच दाबत होते.
जुळ्यांना ते शिकवत होते:
एक घंटी, थांबा. दोन घंट्या, चला.

मग ते बेट.
भरतीत बुडणारा रस्ता,
मध्येच खांबांवर उभी पांढरी खोली,
अडकलेल्यांनी चढून बसायला.
कीथने दोनदा मनगटावरचं घड्याळ दाखवलं.
आम्ही हसून हो म्हटलं.
ओनीलच्या कागदावर साडेपाचपर्यंत वाट मोकळी होती,
फक्त तो रकाना शनिवारचा होता
आणि आम्ही रविवारी आलो होतो.

परत आलो तेव्हा
डांबर पाण्यात असं शिरत होतं
जशी कुणी पायरी उतरावी.
ओनील स्वतःला शिव्या देत होता, मराठीत, मग पोर्तुगीज संतांच्या नावाने.
ग्लॅडिस म्हणाली, पाच तास.
वृंदाने उद्याची शिफ्ट कळवायला फोन काढला,
रेंज नव्हती.

बाबा पाण्याकडे बघत राहिले.
मग त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं
जे मी लहानपणी फारसं पाहिलंच नव्हतं.
"गाडी वस्तीक लागली," ते म्हणाले.

बाबा कुठे, विचारलं की आई म्हणायची, वस्तीला.
मुणगे. पुरळ. हिंदळे. तिर्लोट.
नकाशाआधी मला ही नावं पाठ होती,
ही गावं माझ्या वडिलांना झोपवायची.
तिथली पोरं पहाटे त्यांच्या हॉर्नवर उठायची.
मी अलार्मवर.

संध्याकाळी पार्किंग रिकामं झालं.
वाळूच्या दांड्यावरून सील रडत होते,
म्हणजे ते रडणं नव्हे, पण ऐकू तसं येत होतं.
गार पोळ्यांत हेरिंग गुंडाळून खाल्लं.
बाबांचा निकाल: मीठ जास्त.
त्यांनी तीन खाल्ले.

किल्ली मी त्यांच्यापुढे धरली.
वृंदा म्हणाली, अरे, इन्शुरन्स.
मग तीही गप्प झाली.
ते गाडीभोवती एक फेरी चालले,
चारही टायरना बुटाने ठोकलं,
रुमालाने आरसा पुसला.
मागून कीथने छतावर बोटांनी वाजवलं:
टक, टक.
कुणी सांगितलं होतं त्याला?

पहिल्या गिअरमध्ये दोन फेऱ्या.
खड्डा चुकवून, चरचरत्या खडीवरून,
सगळ्यांना बसवून, कुणालाही उतरू न देता.
मिहिकाने तिकीट मागितलं.

नऊ वाजून गेले तेव्हा रस्ता वर आला,
शेवाळ लागलेला, उजेड अजून टिकलेला.
किल्ली माझ्या हातात देऊन ते डाव्या सीटवर गेले.
पांढऱ्या खोलीपाशी पाणी साचलं होतं,
मी जोरात ब्रेक मारला.

त्यांचा पाय हलला नाही.
झोपले होते की काय,
मी वळून पाहिलं नाही.