वास मिसळावा लागतो

शनिवारी रात्री दांडिया बाजारात
मोटार वाइंडिंगच्या दुकानावरच्या खोलीतून
आम्ही पाचजण तळघरात उतरतो.
खालून वार्निशचा वास येतो म्हणे, आम्हाला आता येत नाही.
चटईवर चौकटींचा कागद, सेव-उसळीच्या वाट्या,
पिनाकिनचा वीस बाजूंचा फासा,
ज्याला तो कुणाला शिवू देत नाही.
तळघर माझं. भिंती मी बांधल्या,
त्यांत काय काय पुरलं तेही मीच.

शलाका शिर्के आमची मांत्रिक.
प्रत्येक दाराशी तिचं एकच :
"थांबा. शोधमंत्र."
मग काय काय उजळतं ते मी सांगायचं.

त्या मंत्राचा स्वभाव मला पाठ आहे.
त्याला जादू दिसते, सापळा दिसत नाही.
खड्ड्यातले भाले साध्या लोखंडाचे, प्रामाणिक,
त्यांच्यावरून तो आंधळ्यासारखा निघून जातो
(विश्राम तिथेच पडला होता, अजून बोलून दाखवतो).
आणि दूध नासू नये म्हणून कुण्या म्हातारीनं
फडताळावर घातलेला बापुडा मंतर मात्र
भडक निळा, की सगळे तलवारी उपसून उभे.
शिशाचा पत्रा आड आला की संपलंच.

गेल्या नवरात्रात मी फार दुष्ट झाले.
बाहेर मैदानभर गरब्याचे दिवे,
त्यात एक कमी की एक जास्त कोण मोजतं,
तसा एक मारणमंत्र मी
देवळाच्या आशीर्वादाच्या उजेडात ठेवून दिला.
"उंबरा उजळतोय," एवढंच म्हटलं. खोटं नव्हतं.
देवव्रतचा पुजारी अजून लंगडतो.

तरी एक सापळा वर्षभर जपला होता.
दगडी डोळा, मिटलेला.
चालत गेलात, काही नाही.
हात लावलात, तरी नाही.
कुणी मंत्रानं पाहिलं, तरच उघडतो.

काल शलाकानं पाहिलं.

बचावाचा फासा घरंगळत उसळीच्या वाटीला टेकला.
दोन.
कुणी बोलेना. मग पिनाकिन हळूच,
"नियम एटले नियम."

शलाका दिवसा गॅसच्या ऑफिसात असते.
गळती शोधायचं यंत्र घेऊन रावपुऱ्याच्या बोळांतून
नळ्यांच्या सांध्यांशी वाकत फिरते.
तिनं मेलेल्या मांत्रिकाच्या कागदाची घडी घातली,
नखानं दाबली.
"आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात,
शोधणाऱ्या यंत्रानं स्वतः ठिणगी पाडायची नाही.
तुझा डोळा हुशार आहे. मेले, ठीक.
पण वास कुठे होता?"

"कसला वास?"

"गॅसला वास नसतो गं. मुद्दाम मिसळावा लागतो,
सडक्या कोबीसारखा.
म्हणजे निदान खिडकी उघडता येते माणसाला."

मी वही उलटसुलट केली.
भिंतीची जाडी होती, बुबुळाचा रंग होता,
इजा किती, किती पावलांपर्यंत, सगळं होतं.
मेलेली पाखरं त्या डोळ्याखाली पडलेली असू शकली असती.
किंवा आधीच्या कुणा मांत्रिकाची जळकी पगडी.
मला सुचलंच नव्हतं. खरं सांगायचं तर
सुचलं होतं, आणि मी गाळलं होतं.

एक वाजता सगळे उतरले.
खिडकीतून पाहिलं तर शलाका
कोपऱ्यावरच्या झाकणाशी थांबली,
ओणवी झाली, हुंगलं,
वर बघून हात हलवला. काही नाही, अशा अर्थी.
पुढच्या शनिवारी नवा कागद आणील.
बहुधा मांत्रिकच.

पुढच्या खोलीच्या समासात मी पेन्सिलीनं लिहिलं :
जळक्या केसांचा वास, थोडासा.
'थोडासा' खोडलं.
मग बराच वेळाने
पुन्हा लिहिलं.