ओळंबा

कॉलेजात रसायनशास्त्राच्या मागं एक झाड आहे,
पोरं त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात.
अठरा वर्षं मी सांगतेय, हे अरौकेरिया,
आणि अठरा वर्षं वह्यांत
ते ख्रिसमस ट्रीच राहिलंय.

ऑफिसातून कागद आला:
सदर वृक्ष दक्षिणेस कललेला असून
धोकादायक असल्यास तसे कळवावे.
धोका कागदावर. पोटात दुसरंच होतं.
नव्या इमारतीच्या वास्तुशांतीला कुणीतरी बोललेलं,
दक्षिण, म्हणजे यमाची दिशा.
माझी आईही तिकडं पाय करून झोपू द्यायची नाही.

इमारतीवर गवंडीकाम चालू होतं.
इराप्पाकडून ओळंबा मागून आणला,
दोरी हातात धरून लांब उभी राहिले, एक डोळा मिटून.
दोरी सरळ.
झाड आठ अंश, जरा जास्तच.
खय्यूम माळी म्हणाला, मॅडम, मी लावलं तवा
काठी बांधली व्हती, सरळ ऱ्हावं म्हनून.
दोन वर्षांत काठी बी वाकडी.

आता हे कागदावर कसं लिहू?
की याचं मूळ घर पॅसिफिकातलं एक बेट,
जिथल्या मातीत अन्न कमी आणि निकेल फार,
आणि फुलणारी, घाईची झाडं
चांगली जमीन बळकावत गेली तेव्हा
ही तिथंच तगली, जिथं कुणाला यायचं नव्हतं.
मजल्यावर मजला चढवत, सावकाश.
की दक्षिण गोलार्धात यांची भावंडं
उत्तरेकडं कलतात,
आणि आपल्याकडं आणून लावली की दक्षिणेकडं.
जिथं असतील तिथून विषुववृत्ताकडं.
का, ते नक्की कुणालाच सांगता येत नाही.

मागच्या बाकावरून रेवणनाथनं विचारलं,
आन् मॅडम, बरोब्बर विषुववृत्तावर?
तिथं म्हणे जवळजवळ सरळ.
तो हसला. मग हसायचा थांबला.

उन्हाळ्यात वसतिगृहासाठी बोअर घेतलं.
गाडी रात्रभर करड्या काळ्या कातळाची भुकटी ओकत होती,
दीडशे फुटांवर अचानक लाल.
पोरांना वाटलं, पाणी आलं.
मी चिमूटभर भुकटी कागदात बांधली.
दोन लाव्हांच्या मधली ही माती,
म्हणजे तेव्हा आग थांबलेली
आणि जमिनीला जमीन होण्याइतका वेळ मिळालेला.
त्याच्याही खाली, खूप खाली,
एक जुना भूखंड, जो अंटार्क्टिकाला,
ऑस्ट्रेलियाला चिकटून होता,
आणि त्याच्यावर याच घराण्याची रानं.
मग आपण सुटलो, उत्तरेला निघालो.
रानं वाटेत गळाली.
दक्षिणेतल्या त्या सूचिपर्णींपैकी
सह्याद्रीच्या पार खालच्या टोकाला
एक अजून आहे, रुंद पानांचं,
सुया नसलेलं,
आपण कोण ते विसरल्यासारखं.

पाणी लागलं नाही.
सहाशे फुटांवर गाडी थांबवली.

कागदावर मी लिहिलं:
झाड निरोगी आहे. कल नैसर्गिक.
खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या,
तिथं काय लिहायचं होतं ते सुचलं नाही.
प्राचार्यांनी सही केली,
आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून
बुंध्याला चुना फासला, कमरेपर्यंत.

खय्यूमची खुर्ची आता कललेल्या बाजूला असते.
सावली जास्त पडती, म्हणतो.
दुपारी तिथं बसून
पडलेल्या फांद्यांची जुडी बांधतो,
वेणीसारख्या दिसतात त्या, खवल्याखवल्यांच्या,
हात लावला की टोचतात.
कोट्यवधी वर्षांपूर्वी कुणाच्या तरी
दातांसाठी तयार केलेलं ते टोचणं
आता नुसतं त्याच्या बोटांना.

इराप्पा ओळंबा परत न्यायला आला,
झाडाकडं बघत बराच वेळ उभा राहिला.
दोरी गुंडाळली.
म्हणाला, भिंत आसती
तर पाडून पुन्हा उभी केली आसती बाई.
हे जिवंत हाय.
ह्याला कशानं मोजावं?