चार किलो दोनशे

दारव्ह्याच्या रस्त्याला माझं लेथ,
मागं सोयाबीनची चाळणी, पुढं पंक्चरवाला.
तिथं उकंड्यांच्या देवानं फ्लायव्हील आणलं,
भंगारातल्या गाडीचं, पोत्यात गुंडाळून.
"अजाबभाऊ, वजन काढा याचं.
उडवाचं आहे मले."

विहिरीवरच्या मोटारी भरणारा पोरगा.
टिनाखाली नळ्यांचं विमान,
शेपटीला अजून कापड नव्हतं.

दोन दिवस उतरवत राहिलो.
बीड होतं, शेव सुटत नाही त्याची,
नुसता काळा चुरा, नाकातोंडात.
हळदीच्या काट्यावर तोलला: चार किलो दोनशे.
देवा हसला,
जसा तेवढा तोच हलका झाला.

इंजिन पळतं साडेपाच हजारांनी.
पंख्याला ती घाई सोसत नाही,
वारा फाटतो, हाती लागत नाही.
म्हणून मध्ये दोन चाकं,
एकाला सत्तावीस दात, एकाला एकोणसाठ,
मुद्दाम न जुळणारे आकडे,
त्याच दाताला तोच दात घडीघडी भेटू नये.
हे मी कापले. हे चांगले कापले.

बाभळीला दोरानं बांधून चालू केलं.
अठराशेवर सगळे दात एकदम बोलू लागले.
इंजिन सलग ओढत नाही, हिसके देतं,
आणि हिसके पोटात घालणारं जे होतं
ते माझ्या डब्यात चुरा होऊन पडलेलं.
शाफ्ट तुटला,
ओल्या पऱ्हाटीसारखा पिळून, तिरपा.

देवा माझ्याकडं पाहत नव्हता.
मी डब्याकडं.

अकोल्याहून दुसरं आणलं, अख्खं.
"याले कमी नोका करू, भाऊ. निस्तं तोलून द्या."
एका अंगाला दोन बारीक छिद्रं पाडली, बस.
मग त्यानं सीटची गादी काढली,
दिवा काढला,
महिनाभर रात्रीची भाकर सोडली.

तूर निघालेल्या वावरात, माघात, सकाळी.
उडालं किती, ते गावाला विचारा,
सहा जण सहा उंच्या सांगतील.
माझे डोळे चाकांवर नव्हतेच.
मी कान देऊन उभा होतो:
हजार, पंधराशे,
अठराशे आलं
आणि काहीच झालं नाही.

डबा अजून लेथखाली आहे.
लाइन जाते तेव्हा
चक आपसूक फिरत राहतो थोडा वेळ अंधारात.
आधी हातानं दाबून थांबवायचो.